राउटर असताना कॉम्प्युटरवरची फायरवॉल हवी का?

घरी इंटरनेट राउटरमधून येते आणि राउटरमध्ये फायरवॉल, म्हणजे नको असलेल्या जोडण्या अडवणारी व्यवस्था, असतेच. मग प्रत्येक कॉम्प्युटरवर आणखी एक सॉफ्टवेअर फायरवॉल कशासाठी चालवायची, असा हा प्रश्न आहे. विचारणाऱ्याने सोबत आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत. प्रिंटर सापडत नव्हता आणि गेममध्ये मित्रांना जोडता येत नव्हते म्हणून विंडोजची फायरवॉल बंद केली आहे, ती तशीच राहू दिली तर चालेल का? आणि चालू ठेवायचीच असेल, तर विंडोजसोबत आलेली पुरते की वेगळी घ्यावी लागते?

उत्तर आधी सांगतो. सोबत आलेली फायरवॉल चालू करा, आजच करा, आणि वेगळी घेऊ नका. प्रिंटर आणि गेम दोन्ही फायरवॉल चालू ठेवून चालवता येतात. ते कसे, हे पुढे लिहिले आहे. पण "चालू ठेवा" एवढे सांगून भागत नाही. राउटर आपल्याला कशापासून वाचवतो आणि कशापासून वाचवत नाही हे कळले नाही, तर पुढच्या वेळी काही अडले की फायरवॉल पुन्हा बंद केली जाईल.

राउटरपासून सुरुवात करू. घरातल्या यंत्रांचे १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात. इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या आरएफसी मालिकेतल्या १९१८ क्रमांकाच्या दस्तऐवजाने १९९६ मध्ये ते राखून ठेवले, आणि इंटरनेटवर अशा पत्त्यांकडे पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, नेले जात नाही. म्हणून घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता राउटर बदलतो. त्या जागी स्वतःचा सार्वजनिक पत्ता आणि एक पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या निरनिराळ्या जोडण्या वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून दिलेला आकडा) लिहितो, आणि हे कोणत्या यंत्राच्या कोणत्या जोडणीसाठी केले याची नोंद आपल्या तक्त्यात ठेवतो. उत्तर आले की तक्ता पाहून ते योग्य यंत्राकडे पोचवतो. यालाच एनएटी म्हणतात. बाहेरून कोणी आपणहून पॅकेट पाठवले तर तक्त्यात त्याची नोंद सापडत नाही, ते कोणाला द्यायचे हे राउटरला ठाऊक नसते, आणि ते तिथेच टाकून दिले जाते.

हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे यंत्रातून यंत्रात स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम, पसरला, तेव्हा घरोघरची विंडोज २००० आणि एक्सपीची कितीतरी यंत्रे डायल-अपने किंवा साध्या मोडेमने थेट इंटरनेटला जोडलेली असत. ब्लास्टर १३५ क्रमांकाच्या पोर्टवरून आत शिरायचा. वापरणाऱ्याने काही उघडायची, कशावर क्लिक करायची गरज नव्हती. नुसते जोडले जाणे पुरे होते. दुरुस्ती उतरवून घ्यायला इंटरनेटवर जावे, तर ती पुरी उतरायच्या आत साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होऊन यंत्र बंद पडायचे. ज्यांच्याकडे एनएटी करणारा राउटर होता त्यांच्यापर्यंत बाहेरचे ते पॅकेट पोचलेच नाही. पुढच्या वर्षी एप्रिलअखेरीस सॅसर आला, ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर, आणि तेव्हाही तेच घडले. विंडोज एक्सपीमध्ये २००१ पासून फायरवॉल होती, पण ती बंद असायची. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून मायक्रोसॉफ्टने ती मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली. "राउटर आहे ना, मग झाले" हे मत त्या दिवसांत रुजले, आणि त्या दिवसांपुरते ते बऱ्याच अंशी बरोबर होते.

पण एनएटी मुळात सुरक्षेसाठी जन्माला आलेले नाही. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागले होते. एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रे बसवण्याची ही युक्ती १९९४ मध्ये कागदावर आली ती त्या टंचाईवर उपाय म्हणून. बाहेरची पॅकेट अडतात हा तिचा आनुषंगिक लाभ. आजच्या बहुतेक घरगुती राउटरमध्ये एनएटीच्या जोडीला जोडणीची स्थिती लक्षात ठेवणारी खरीखुरी फायरवॉलही असते. तरी दोघींची जागा एकच आहे: घराची सीमा.

माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन ठरतो. राउटरची फायरवॉल फक्त घर आणि बाहेरचे जग यांच्यामधली वाहतूक पाहते. घरातल्या एका यंत्राने घरातल्याच दुसऱ्या यंत्राकडे पाठवलेले पॅकेट तिच्यासमोर येतच नाही. राउटरच्या डब्यातला स्विच आणि वाय-फायचा भाग ते परस्पर पोचवून टाकतो. म्हणजे घरात दहा यंत्रे असतील, तर उरलेल्या नऊ यंत्रांपासून तुमच्या कॉम्प्युटरला वाचवणारे काहीही राउटरमध्ये नाही. ते काम करते ती कॉम्प्युटरवरची फायरवॉल, आणि ती बंद असेल तर ते काम कोणीच करत नाही.

ही उरलेली नऊ यंत्रे कोणती, ते मोजून पाहा. फोन, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, वाय-फायचा दिवा किंवा प्लग, मुलांचा टॅब, अपडेट मिळणे कधीच थांबलेला जुना लॅपटॉप, आलेल्या पाहुण्याचा फोन. यांतल्या किती यंत्रांमध्ये काय चालले आहे हे तुम्हाला सांगता येईल? २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक प्रोग्रामने) कॅमेरे, व्हिडिओ रेकॉर्डर आणि राउटर यांची फौज उभी केली, आणि त्यासाठी त्याने काही अवघड केले नव्हते. कारखान्यातून येतानाचे साठेक ठरावीक पासवर्ड तो टेलनेटवर, म्हणजे यंत्रात दुरून शिरण्याच्या जुन्या सोयीवर, एकामागून एक लावून पाहत असे. अशी एखादी वस्तू एकदा दुसऱ्याच्या ताब्यात गेली की ती तुमच्या घरात बसून तुमच्या कॉम्प्युटरचे प्रत्येक पोर्ट ठोठावू शकते. ती राउटरच्या आत आहे. एनएटीचा तक्ता तिच्या आड येत नाही.

कॉम्प्युटरकडून कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वर्मची उदाहरणे तर आणखी बोलकी आहेत. कॉन्फिकर नोव्हेंबर २००८ मध्ये दिसला. विंडोजच्या ज्या उणिवेवर तो चालायचा तिची दुरुस्ती महिनाभर आधी आलेली होती. त्याच्या पुढच्या आवृत्तीने पेन ड्राइव्हवरूनही पसरायला सुरुवात केली. पेन ड्राइव्ह राउटर ओलांडून येत नाही. तो हातातून येतो, एका यंत्राला लावला जातो, आणि तिथून वर्म ४४५ पोर्टवरून शेजारच्या यंत्रांकडे वळतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला तोही याच पोर्टवरून, फाइल वाटून घेण्याच्या जुन्या एसएमबी पद्धतीतल्या उणिवेतून. त्या उणिवेची दुरुस्ती १४ मार्चलाच प्रसिद्ध झाली होती. नेटवर्कमधले एक यंत्र बाधित झाले की त्याच नेटवर्कमधली दुरुस्ती न केलेली आणि ४४५ उघडे असलेली यंत्रे तो स्वतःच शोधून काढत असे. ज्या यंत्रावर फायरवॉल ते पोर्ट अडवत होती, तिथे दुरुस्ती झालेली नसली तरी त्याला या वाटेने आत जाता येत नव्हते.

यावर जाणकारांकडून एक आक्षेप येतो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. पोर्टवर ऐकणारा, म्हणजे येणाऱ्या जोडणीची वाट पाहणारा, प्रोग्रामच नसेल तर फायरवॉल कशाला अडवणार? तत्त्व म्हणून हे अगदी बरोबर आहे. बंद पोर्टवर आलेले पॅकेट फायरवॉल नसतानाही परत पाठवले जाते. पण तुमच्या यंत्रावर खरोखर काय ऐकत बसले आहे ते पाहा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटस्टॅट ही आज्ञा "एएनओ" या पर्यायासह (netstat -ano) चालवली की यादी समोर येते. ताज्या विंडोजवरही १३५ आणि ४४५ तिथे असतात, ४९६६४ पासून पुढची काही पोर्टे असतात, आणि त्यांत तुम्ही घातलेल्या प्रोग्रामांची भर पडते. म्हणजे ब्लास्टर आणि वॉनाक्राय ज्या दोन पोर्टांवरून आले तीच आजही ऐकत असतात. त्यांच्या पुढे फायरवॉल उभी असते एवढेच. सगळ्या अनावश्यक सेवा एकेक करून बंद करणे हा उत्तम मार्ग आहे, पण तो पाळणारे घर मी क्वचितच पाहिले आहे, आणि पुढच्या मोठ्या अपडेटनंतर त्यांतली एखादी सेवा परत सुरू झाली तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी तर इथे विशेष लक्ष द्यावे. चाचणीसाठी चालवलेला वेब सर्व्हर किंवा डेटाबेस १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर तो फक्त त्याच यंत्राला दिसतो. तोच ०.०.०.० वर ऐकत असेल तर घरातल्या सगळ्यांना दिसतो, आणि बऱ्याचदा त्याला पासवर्डही नसतो.

आता आयपीव्ही६, म्हणजे आयपीव्ही४ नंतरची इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत. राउटरवर विसंबण्याचा युक्तिवाद इथे सर्वात जास्त डळमळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांची टंचाई नाही, त्यामुळे एनएटीची गरजही नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला जगात कुठूनही गाठता येईल असा स्वतःचा पत्ता मिळतो. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये २ किंवा ३ या आकड्याने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर तो तोच. एफई८० ने सुरू होणारा मात्र फक्त घरापुरता असतो. अनेकांच्या घरी आयपीव्ही६ चालू आहे आणि त्यांना ते ठाऊकही नाही, कारण ते आपोआप सुरू होते आणि सगळे नेहमीसारखेच चालत राहते.

एनएटी गेले की त्याचा आनुषंगिक लाभही गेला. उरते ती राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल. ती कशी असावी याच्या शिफारशी जानेवारी २०११ च्या आरएफसी ६०९२ मध्ये आहेत, आणि चांगले राउटर न मागितलेली येणारी जोडणी अडवतात. पण हे राउटरच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. काही राउटरमध्ये ही फायरवॉल एका वेगळ्या बटणावर असते, काहींमध्ये ते बटण बंद असते, आणि काहींमध्ये ती आहे की नाही हे सेटिंगच्या पानावरून कळतच नाही. पत्ते इतके प्रचंड आहेत की कोणी ते चाळून तुम्हाला शोधू शकणार नाही, असेही म्हटले जाते. आंधळेपणाने चाळत बसणाऱ्यापुरते ते ठीक आहे. पण तुम्ही ज्या सर्व्हरशी बोलता त्याला तुमचा पत्ता दिसतोच. यंत्रे ठरावीक काळाने तात्पुरते पत्ते बदलत राहतात, त्याने हा धोका कमी होतो, पण जात नाही.

ज्यांच्या सेवादात्याकडेच आणखी एक एनएटी असते, म्हणजे राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या टप्प्यात असतो, ते लोक आपण दुहेरी सुरक्षित आहोत असे समजतात. आयपीव्ही४ पुरते म्हणायला हरकत नाही. पण त्याच जोडणीवर आयपीव्ही६ असेल तर ते या दोन्ही एनएटींना बाजूला ठेवून सरळ तुमच्या राउटरपर्यंत येते.

राउटरला भोके पडण्याचे बाकीचे मार्ग तुलनेने ओळखीचे आहेत. राउटरमधली यूपीएनपी ही सोय चालू असेल तर घरातला कोणताही प्रोग्राम, पासवर्ड न देता, राउटरला "हे पोर्ट माझ्यासाठी उघड" असे सांगू शकतो आणि राउटर ते उघडतो. गेम आणि कॅमेरे याचा वापर करतात, मालवेअरही करू शकते. एखाद्या गेमसाठी कधीतरी कॉम्प्युटर राउटरच्या डीएमझेड या सेटिंगमध्ये ठेवला असेल, तर बाहेरून न मागता आलेले सगळे त्याच कॉम्प्युटरकडे वळते, आणि अशा वेळी त्याची स्वतःची फायरवॉल हे एकमेव संरक्षण उरते. कॉम्प्युटर घराबाहेरून वापरता यावा म्हणून रिमोट डेस्कटॉप या विंडोजच्या सोयीचे ३३८९ पोर्ट उघडून ठेवणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन की ते आधी बंद करा. पासवर्ड फोडू पाहणारे प्रोग्राम या पोर्टावर अखंड धडका देत असतात, आणि मे २०१९ मध्ये ब्लूकीप या नावाने जाहीर झालेल्या उणिवेत तर जुन्या विंडोजवर पासवर्डशिवाय आत जाण्याची सोय होती.

व्हीपीएनचा मुद्दा मात्र फारसा कोणी मांडत नाही. व्हीपीएन जोडले की तुमचा कॉम्प्युटर एका बोगद्यातून दुसऱ्या नेटवर्कला जोडला जातो. राउटरला फक्त कुलूपबंद पॅकेट दिसतात. आत काय आहे हे त्याला पाहता येत नाही, म्हणून अडवताही येत नाही. बोगद्याच्या पलीकडच्या बाजूने काय अडवायचे हे पलीकडचा ठरवतो. त्याने काहीच अडवले नाही, तर त्या नेटवर्कवरचा कोणीही तुमच्या यंत्रापर्यंत पोचतो. आणि लॅपटॉप घराबाहेर नेला, दुसऱ्याच्या वाय-फायला जोडला, की तुमचा राउटर हिशेबातूनच जातो. सोबत जाते ती फक्त लॅपटॉपवरची फायरवॉल.

शेवटी, राउटर स्वतःही एक कॉम्प्युटरच आहे. मे २०१८ मध्ये उघडकीला आलेल्या व्हीपीएनफिल्टर या मालवेअरने ५४ देशांतली किमान पाच लाख राउटर आणि स्टोरेज उपकरणे बाधित केली होती. त्याचे काही भाग राउटरमधून जाणाऱ्या वाहतुकीवर नजर ठेवत, तर काही तिच्यात फेरफार करत. ज्याच्यावर सगळी भिस्त ठेवायची तोच शत्रूच्या हातात गेला, तर आत दुसरी तटबंदी असावी की नसावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत स्पष्ट आहे: असावी.

फायरवॉल काय करत नाही तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे, नाहीतर खोटा धीर येतो. तुम्ही स्वतः उतरवलेली फाइल, ईमेलला जोडून आलेली फाइल, बनावट लॉगिन पान, ब्राउझरमधली उणीव, या सगळ्या गोष्टी तुम्ही मागितलेल्या जोडणीतूनच येतात. राउटर त्यांना सोडतो, कॉम्प्युटरवरची फायरवॉलही सोडते. आज घरगुती कॉम्प्युटर बिघडतात ते बहुतेक याच मार्गांनी. आणि अपडेटची जागा फायरवॉल घेऊ शकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या आयपीव्ही६ हाताळणाऱ्या भागात एक गंभीर उणीव जाहीर झाली, सीव्हीई-२०२४-३८०६३. ती शोधणाऱ्या संशोधकाने सांगितले की त्या यंत्रावरच्या विंडोज फायरवॉलमध्ये आयपीव्ही६ अडवून उपयोग नाही, कारण पॅकेट फायरवॉलपर्यंत पोचण्याआधीच घात होतो. तिथे उपाय दोनच होते: दुरुस्ती बसवणे, नाहीतर ती बसेपर्यंत आयपीव्ही६ बंद ठेवणे.

मग वेगळी फायरवॉल घ्यावी का? ती विकणाऱ्यांचा मुख्य मुद्दा असतो बाहेर जाणारी वाहतूक. विंडोजची फायरवॉल मुळात येणारी जोडणी अडवते आणि जाणारी जाऊ देते. व्हिस्टापासून जाणारी अडवण्याचे नियमही तिच्यात लिहिता येतात, पण ते तुम्ही लिहावे लागतात. मॅकवरची सोबतची फायरवॉल तर फक्त येणाऱ्या जोडण्यांकडेच पाहते. त्यामुळे "मालवेअर तुमची माहिती बाहेर पाठवील आणि तुम्हाला कळणारही नाही" असे सांगितले जाते. पण ते मालवेअर आधीच तुमच्या यंत्रावर चालते आहे. ब्राउझरच्या प्रक्रियेत शिरून, नेहमीच्या ४४३ पोर्टवरून, ते बाहेर जाऊ शकते, आणि अॅडमिनचे अधिकार मिळाले असतील तर स्वतःसाठी परवानगीचा नियमही लिहू शकते. २००० च्या दशकात अशा फायरवॉल चुकवून दाखवणारे छोटे चाचणी-प्रोग्राम कितीतरी निघाले, आणि फायरवॉल बनवणारे त्यांच्या मागे धावत राहिले. त्यात प्रत्येक प्रोग्रामसाठी वर येणारा "परवानगी द्यायची का" हा प्रश्न. दोन दिवस माणूस वाचून उत्तर देतो, तिसऱ्या दिवसापासून न वाचताच "हो" म्हणतो. सुरक्षेचा प्रश्न न वाचता "हो" म्हणण्याची सवय लागणे हे मला प्रश्न न विचारण्यापेक्षा वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट विसरू नये. फायरवॉल म्हणजे येणारे प्रत्येक पॅकेट तपासणारा, खोलवरचे अधिकार असलेला प्रोग्राम. त्यातच उणीव निघाली तर तोच दरवाजा होतो. मार्च २००४ मध्ये विटी नावाच्या वर्मने हेच केले. ब्लॅकआइस या नावाजलेल्या फायरवॉलच्या आणि त्याच कंपनीच्या इतर उत्पादनांच्या पॅकेट तपासणाऱ्या भागात उणीव होती. एकेका यूडीपी पॅकेटने तो आत शिरला, सुमारे १२ हजार यंत्रांमध्ये पसरला आणि त्यांच्या डिस्कवरचा मजकूर पुसत गेला. ज्यांनी काळजीपोटी ती फायरवॉल बसवली होती तेच सापडले. वेगळी उत्पादने वाईटच असतात असे मी म्हणत नाही, पण यंत्रात भर घातलेल्या प्रत्येक अशा थराची किंमत असते आणि ती फायद्याशी ताडून पाहावी.

आपले प्रोग्राम कुठे कुठे बोलतात हे जाणून घ्यायची उत्सुकता असेल, तर ती वेगळी आणि चांगली गोष्ट आहे. विंडोजवर सिंपलवॉल, मॅकवर लुलू किंवा लिटल स्निच हे प्रोग्राम यासाठी उपयोगी पडतात. सुरक्षेची भिंत म्हणून त्यांच्याकडे पाहू नका, खिडकी म्हणून पाहा. या खिडकीतून काय दिसावे हेही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्याच्या हातात असते. २०२० च्या अखेरीस मॅकच्या बिग सर आवृत्तीत अॅपलचे स्वतःचे काही प्रोग्राम अशा फायरवॉलना वगळून बाहेर जात होते. त्यावर बरीच टीका झाली, आणि पुढच्या वर्षी ११.२ आवृत्तीत अॅपलने ती सूट काढून टाकली.

आता प्रिंटर आणि गेम. विंडोजमध्ये प्रत्येक नेटवर्क पब्लिक किंवा प्रायव्हेट असे नोंदवलेले असते. पब्लिकवर फायरवॉल यंत्र लपवून ठेवते, आणि घरचे नेटवर्क पब्लिक म्हणून नोंदले गेले असेल तर प्रिंटर किंवा वाटून घेतलेले फोल्डर न सापडण्याचे ते सर्वात नेहमीचे कारण असते. सेटिंगमध्ये नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन घरचे नेटवर्क प्रायव्हेट करा, आणि फक्त घरचेच करा. गेमचे कारण बहुधा वेगळे असते. एखादा प्रोग्राम पहिल्यांदा ऐकायला बसतो तेव्हा विंडोज परवानगी विचारते. त्या वेळी घाईत "रद्द" दाबले तर फायरवॉल त्या प्रोग्रामसाठी अडवणारा नियम तयार करून ठेवते. मग तुम्ही नंतर परवानगीचा नियम लिहिला तरी उपयोग होत नाही, कारण अडवणारा नियम परवानगीवर मात करतो. फायरवॉलच्या प्रगत सेटिंगमध्ये येणाऱ्या नियमांची यादी उघडा, त्या गेमच्या नावाचा लाल चिन्हाचा नियम काढून टाका, गेम पुन्हा चालवा आणि विचारले की प्रायव्हेट नेटवर्कसाठी हो म्हणा. दोष फायरवॉलचा आहे की नाही हे पाहण्यासाठी ती पाच मिनिटे बंद करून बघायला हरकत नाही, फक्त तेवढ्या वेळात दुसरे काही करत बसू नका आणि लगेच चालू करा. तिची सेवा सर्व्हिसेसच्या यादीतून थांबवणे मात्र टाळा. मायक्रोसॉफ्ट स्वतः ते करू नका म्हणते. त्याने स्टार्ट मेनू आणि अॅप बसवण्यासारख्या असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टी बिघडतात.

बाहेरच्या वाय-फायवर असाल तर विंडोजच्या फायरवॉलमध्ये "परवानगीच्या यादीतल्यांसह सगळ्या येणाऱ्या जोडण्या अडवा" असा एक पर्याय असतो, तो चालू करा. ब्राउझिंग आणि ईमेल तसेच चालू राहतात. मॅकवर फायरवॉल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये असते आणि ती बहुधा बंद असते, ती एकदा जाऊन चालू करायची. लिनक्समध्ये वितरणानुसार फरक पडतो. उबुंटूमध्ये यूएफडब्ल्यू ही फायरवॉल बसवलेली असते पण बंद. फेडोरा वर्कस्टेशनमध्ये फायरवॉलडी ही फायरवॉल चालू असते, पण १०२५ पासून ६५५३५ पर्यंतची पोर्टे मोकळी सोडलेली असतात, म्हणून चालू आहे एवढे पाहून थांबू नका. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवण्याचे साधन) वापरणाऱ्यांनी एक पक्के लक्षात ठेवावे: डॉकरने बाहेर काढलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जाते. यूएफडब्ल्यू एखादे पोर्ट अडवलेले दाखवत असताना त्यावरचा डॉकरमधला डेटाबेस सगळ्या घराला उघडा असू शकतो. असे पोर्ट १२७.०.०.१ ला बांधून घ्या.

फायरवॉलने यंत्र मंदावते ही भीती सोबत आलेल्या फायरवॉलबाबत सोडून द्या. ही तपासणी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात होते आणि घरगुती जोडणीच्या वेगाला ती जाणवत नाही.

हे सगळे केल्यावर तपासणी दोन्ही बाजूंनी करा. बाहेरची बाजू पाहायला पोर्ट तपासणारी एखादी वेबसाइट वापरा, आणि ती आयपीव्ही६ वरूनही तपासते आहे याची खात्री करा. नुसते आयपीव्ही४ तपासले तर तुम्ही एनएटीचीच परीक्षा घेतलेली असते. आतली बाजू पाहायला घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर एनमॅप हा उघडी पोर्टे शोधणारा प्रोग्राम बसवा आणि तुमच्या यंत्राचा १९२.१६८ वाला पत्ता त्याला द्या. एकदा नेटवर्क प्रायव्हेट असताना, एकदा पब्लिक असताना चालवा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. पब्लिकच्या यादीत काहीही उघडे दिसले तर ते कोणत्या प्रोग्रामचे आहे हे नेटस्टॅटवरून शोधा. तो प्रोग्राम लागत नसेल तर काढून टाका, आणि लागत असेल तर त्याचा नियम प्रायव्हेटपुरता मर्यादित करून पुन्हा एनमॅप चालवा.